रडण्याचं उत्तर

सख्ख्या मामाची ओळख जो पोरगा 'हे माझे फॉलोअर' अशी करून देतो, त्याला बोलावं तरी काय? अचलपूरचा मामा, गोदाबाईच्या सुनेचा, रागिणीचा, एकुलता एक भाऊ, भाचा अमरावतीहून घरी आला म्हणून पेढ्याचा पुडा घेऊन अकोटला आलेला. नितेशनं ना त्याच्या पायाला हात लावला, ना 'बस मामा' म्हटलं. सोबत आलेल्या मित्राला म्हणाला, "हे आपले जुने फॉलोअर." आणि मामा काय, तो हसला. गोदाबाईला पोराइतकाच मामाच्या त्या हसण्याचाही राग आला.

गोदाबाईची शाळा दुसरीतच सुटली. बाप म्हणाला, पोरीच्या जातीला सही आली की झालं. पण कोणाला काय म्हणायचं, हे शास्त्र तिला तोंडपाठ होतं. व्याही वेगळा, साडू वेगळा, भाचसून वेगळी, चुलतसून वेगळी. कोणाला सतरंजीवर बसवायचं, कोणाला आत चुलीपर्यंत येऊ द्यायचं, कोणाच्या ताटात आधी तूप पडायचं, हे त्या एका शब्दावरून ठरे. तिचा नवरा भगवंतराव असताना पंचक्रोशीतले लोक नातं विचारायला तिच्याकडे येत. आणि तिच्याच नातवानं ती सगळी माणसं पुसून टाकली होती. त्याच्या दुनियेत पाचच जातीचे लोक होते.

"लर्कर म्हंजे कोन रे?" तिनं एकदा पोळ्या लाटता लाटता विचारलं होतं.

"जो सगळं पाहते आजी, पण लाइक देत नाही, कमेंट करत नाही. गुपचूप पाहते आन चालला जाते."

"म्हंजे नत्थुजीची बायको. खिडकीच्या फटीतून."

"करेक्ट."

"मंग तिले तं मी कवाची ओयखतो. अन् ट्रोल?"

"जो उगाच येऊन घाण बोलते."

"हेटर?"

"ज्याले आपला राग असते, तो."

"फॅन म्हंजे पंखा ते मले समजलं. तू यातला कोन?"

"मी क्रिएटर."

"म्हंजे?"

"म्हंजे बनवणारा. जो काहीतरी करते, तो."

"काय केलं बावा तू?" गोदाबाई म्हणाली होती. "बी.ई. झाला, चार वर्षं झाले, एक चहाचा कप इसळून नाई ठेवला."

नितेश पोट धरून हसला. त्याचा मोबाईल डब्याला टेकवून उभा होता, हे गोदाबाईला मागून समजलं. ते बोलणं लोकांनी एवढं पाहिलं की अंजनगावच्या गाडीतला कंडक्टर तिला म्हणाला, "आजी, चहाचा कप इसळला का नाही अजून नातवानं?" सगळी गाडी तिच्याकडे बघायला लागली. गोदाबाईनं पदर सारखा केला. तिला ते वाईट वाटलं नाही. तिची जीभ आजवर घरातल्यांनी सोसली होती. आता कोणी तिला टाळ्या देत होतं. पुढं पुढं तर नितेश आला की ती जांभळं लुगडं नेसून बसायची.

तोवर ठीक होतं.

हिवरखेडची गंगूबाई गेली. गोदाबाईच्या भावाची, पुंजारामची बायको. पुंजाराम आधीच गेलेला. गंगू होती तोवर गोदाबाईला माहेर होतं. गंगूला लकवा झाला, ती अंथरुणाला खिळली, बोलणंही गेलं, पण गोदाबाई गेली की तिचे डोळे हसायचे. तिचं सगळं केलं ते सीमानं. सीमा म्हणजे गंगूच्या मुलाची, सूर्यभानची बायको. सकाळी गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची, घरी येऊन सासूला धुवायची-पुसायची, भाकर दुधात कुस्करून बोटानं भरवायची. वर्षानुवर्षं. अंगावर एक व्रण पडू दिला नाही. गोदाबाई अकोटात ज्याला-त्याला सांगायची, "सून पाहाची तं हिवरखेडले जाऊन पाहा."

सांगावा आला तेव्हा नितेश घरीच होता. त्यानं गाडी काढली आणि आजीला मागं बसवून हिवरखेडला नेलं.

आता मयतीच्या घरी बायांच्या रडण्याला वऱ्हाडात एक रीत आहे. ती शाळेत शिकवत नाहीत. गळ्यात पडून रडायचं आणि रडता रडता बोलायचं. मेलेल्या माणसाच्या लेकीनं, नणंदेनं, बहिणीनं घरच्या सुनेला बोल लावायचा. उपाशी ठेवलं म्हणायचं, पाणी दिलं नाही म्हणायचं. सून कितीही गुणाची असली तरी बोल लावायचाच; गुणाची असली तर जास्तच. कारण बोल लावला म्हणजे तिला उत्तर देता येतं. एरवी कोणती सून चारचौघींत आपल्या तोंडानं सांगणार, की मी सासूचं असं केलं नि तसं केलं? सांगितलं तर लोक म्हणतील, किती ही टेंभा मिरवते. पण रडण्याच्या उत्तरात तिला सगळं सांगता येतं, आणि गावच्या बाया डोळे पुसत माना हलवतात. ती झाली तिची साक्ष. आणि रडण्यात जे बोललं ते तिथंच संपतं. ते कोणी मनात ठेवत नाही, उंबऱ्याबाहेर नेत नाही.

गोदाबाई अंगणात पाऊल टाकताच तिनं हंबरडा फोडला. गंगूच्या डोक्याशी सीमा बसली होती. गोदाबाई तिच्या गळ्यात पडली.

"माही गंगू गेली वं माय... माह्या माहेराचं दार लागलं वं... या सुनेनं तुले उपाशी निजवलं वं गंगू... तहानेनं जीव गेला वं, घोटभर पानी नाई पाजलं वं हिनं..."

सीमानं तिच्या खांद्यावर डोकं घासलं.

"खोटं नोका बोलू वं आत्याबाई... म्या बोटानं भरवलं वं सासूले... लेकरासारखं धुतलं वं, पाठ नाई लागू देल्ली वं... पान्याचा शेवटला घोट माह्या हातानं घेतला वं, माह्या मांडीवर मान टाकली वं..."

भोवतीच्या बायांनी माना हलवल्या. एक म्हातारी म्हणाली, "खरं हाय बाई, डोयानं पाह्यलं आमी." गोदाबाईला जे पाहिजे होतं ते झालं. वहिनीच्या सुनेला तिनं तिचा मान दिला होता. मग शेजारच्या घरून कोरा चहा आला. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. दोघी भिंतीला पाठ टेकून, खांद्याला खांदा लावून एकाच बशीतला चहा प्यायल्या.

नितेश तेव्हा बायांच्या दाराशी उभा होता. बाकी पुरुष ओट्यावर तिरडी बांधत होते. त्याचा हात छातीशी होता, हातात मोबाईल होता. गोदाबाईनं पाहिलं, पण तिला वाटलं, कोणाचा फोन आला असेल.

तेरवीच्या आधी नत्थुजीची बायको, ती खिडकीतली, पहिल्यांदाच दारातून घरात आली.

"गोदाबाई, तुमी तं देशभर पोचल्या वो."

तिच्या मोबाईलमध्ये गोदाबाई रडत होती. मागं कसली तरी दुःखी बासरी वाजत होती. वर अक्षरं होती. गोदाबाईनं बोट लावून लावून वाचली: 'सासूला उपाशी मारणाऱ्या सुनेला आजीनं सर्वांसमोर सुनावलं.' 'घोटभर पानी नाई पाजलं वं हिनं' इथपर्यंत गोदाबाई होती. मग सीमाचा चेहरा आला, मोठा होत होत सगळ्या काचेवर पसरला, आणि संपलं. सीमा तोंड उघडायच्या आत संपलं.

"खाली काय लिवलं हाय, वाच," गोदाबाई सुनेला म्हणाली.

रागिणीनं दोन-तीन वाचले आणि थांबली. "आई, घाण हाय सगळं."

"वाच म्हनलं ना."

अशा बाईला भर चौकात उभं करा, असं एकानं लिहिलं होतं. अशा सुनांना त्यांच्या लेकरांनीही असंच मारावं, असं एका बाईनं लिहिलं होतं. तिच्या फोटोत हळदीकुंकवाचं ताट होतं. आणि कोणीतरी, जो हिवरखेडचाच असणार, त्यानं लिहिलं होतं, ही सीमा, शाळेत खिचडी शिजवते, आपली पोरं सांभाळा.

नितेश अमरावतीला निघून गेला होता. आजीचा फोन उचलत नव्हता. गोदाबाईला वाटलं, तेरवीला सीमाच्या गळ्यात पडू, मोकळं होऊ.

तेरवीला माहेरवाशिणीला लुगडं मिळतं. घरच्या सुनेनं आपल्या हातानं ते अंगावर घालायचं आणि म्हणायचं, आत्याबाई, सासू गेली तरी मी हाओ, येत जा. तेवढ्यासाठी बायका त्या लुगड्याची वाट पाहतात; कपड्यासाठी नाही. गोदाबाई माजघरात पाटावर बसली. पंगती उठल्या, बाया निघाल्या, तरी सीमा बाहेर आली नाही. शेवटी सूर्यभान आला. दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीतलं लुगडं त्यानं तिच्या मांडीवर ठेवलं आणि जमिनीकडे पाहत उभा राहिला.

"सीमा कुठी हाय?"

"तिचं डोकं दुखून राह्यलं आत्या."

"सूर्यभान, तू पाह्यलं होतं ते?"

"कवाच पाह्यलं."

"मंग मले काहून नाई सांगतलं? त्यात तुही बायको रडताना दिसते, बोलताना नाई दिसत. तू तं अंगनातच होता. लोकायले सांगाचं होतं, की खोटं हाय."

"आता काय बोलाव आत्या. लोकं काय म्हन्तीन, म्हनून मी गप राह्यलो."

गोदाबाई उठली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. सीमा पाठमोरी भांडी घासत होती. पाणी सोडलेलं नव्हतं, कोरडीच घासत होती.

"सीमा."

"शायेत जाणं बंद केलं मी, आत्याबाई," सीमा मागं न पाहता म्हणाली. "कोनी काढलं नाई. पोरांच्या मायाच डबे देऊन राह्यल्या. म्हन्तेत, तिच्या हातचं खाऊ नोको. पोट्टे थाया घेऊन येत आन माह्याकडं पाहून मांगं जात. किती दिवस पाहू?"

"बाई, म्या जे म्हनलं ते तर..."

"मले मालूम हाय काहून म्हनलं. तुमी बोल लावला, म्या उत्तर देल्लं. पन लोकायले तुमचा बोल आयकू गेला. माहं उत्तर कोनी आयकलं नाई."

जिच्या जिभेला सगळा अकोट घाबरे, ती माहेरच्या स्वयंपाकघराच्या दारात मुकी उभी राहिली. मग प्लास्टिकची पिशवी घेऊन बसमध्ये बसली. लुगडं काढून पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्याच दिवशी ती एकटीच अमरावतीला निघाली. तिचा मुलगा श्याम, नितेशचा बाप, म्हणाला, "आई, मी पुन्ना फोनवर झापतो त्याले." ती म्हणाली, "तू तुह्या बापालेबी फोनवरच इचारत होता." अंजनगाव, अचलपूर करत एसटी निघाली. अंजनगावला तोच तो कंडक्टर चढला. या वेळी त्यानं चहाच्या कपाचं काढलं नाही. म्हणाला, "आजी, बरोबर झाडलं त्या सुनेले." गोदाबाई म्हणाली, "तिकीट दे आन पुढं जाय."

राजापेठेकडं एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर नितेशची खोली होती. अभ्यासासाठी म्हणून घेतलेली. पुस्तकं खाटेखाली, आणि खोलीच्या मधोमध एक गोल दिवा, बांगडीसारखा, काठीवर उभा. त्याचा मित्र धर्मेंद्र कॉम्प्युटरवर बसला होता. म्हातारी दिसताच तो खुर्ची सोडून उठला, पाया पडला, पाणी आणलं. नितेश मात्र जागचा हलला नाही.

"आजी, फोन करायचा ना."

"उचलला असता तं केला असता. थे काढून टाक."

"काढला. तेरवीच्या दिवशीच काढला, बाबा ओरडले म्हणून. पण आता दुसऱ्या पेजवाल्यांनी उचलला तो. ते माझ्या हातात नाही."

"ते कोन?"

"असेच. रँडम."

"सीमाले शिव्या देनारे कोन?"

"ट्रोल असतात आजी ते. त्याह्यचं कामच हाय. इग्नोर करायचं. माझे ओरिजिनल फॉलोअर तसे नाहीत, ते लय चांगले हायत. कित्येक बायांनी लिहिलं, आमची आजी अशीच रडायची, आम्हाले आठवण आली. ते नाही वाचलं कोणी तुले?"

हे खरं असेल, असं गोदाबाईला क्षणभर वाटलं. त्याच्या डोळ्यांत तो लहान असताना दिसायचा तसाच भाव होता, की मी चांगलंच केलं होतं, मग मारता कशाला.

"अन् सीमाचं उत्तर कुठी गेलं? ते काहून कापलं?"

नितेशनं धर्मेंद्रकडे पाहिलं. धर्मेंद्रच खाली मान घालून म्हणाला, "आजी, आहे ते. पूर्ण आहे माझ्याकडे. काकूंचं बोलणंही आहे, ती म्हातारी खरं हाय म्हणते तेही आहे. मी म्हटलं होतं याला."

"लांब होत होतं यार," नितेश म्हणाला. "आजी, लोक थांबत नाहीत. भांडण असलं तं थांबतात. दोघी गळ्यात पडून रडून राहिल्या आणि मग चहा पिऊन राहिल्या, ते कोण पाहीन?"

"तू पाह्यलं ना. तू होता ना दारात."

गोदाबाईनं कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"आत्ताच्या आत्ता टाक ते. माह्या समोर."

टाकलं. गोदाबाई त्या गोल दिव्याशेजारी खुर्चीवर बसून राहिली. चूल पेटवून पाणी उकळायची वाट पाहावी तशी ती वाट पाहत होती. धर्मेंद्रनं चहा केला. तिनं विचारलं, किती जणांनी पाहिलं. तो म्हणाला, थोड्यांनी. जेवायच्या वेळेला विचारलं, तरी थोड्यांनीच. बोल लाखानं ऐकला होता. उत्तर ऐकायला गल्लीएवढीही माणसं आली नाहीत. जे आले त्यांच्यातल्या एकानं लिहिलं, आता लोक बोलले म्हणून सुनेला रडायला बसवलं. दुसऱ्यानं नुसतं हसणारं तोंड काढलं.

"हे हेटर," नितेश म्हणाला.

"तुहे लोकं तुह्यासंग राहू दे," गोदाबाई म्हणाली. तिचा आवाज उतरला होता, आणि तो ऐकून नितेशचा चेहराही उतरला. तो तिच्याजवळ येऊन खाली बसला.

"आजी, आपण हिवरखेडला जाऊ. मी नेतो तुले. तू काकूशी समोरासमोर बोल. मीपण माफी मागतो. घरच्या घरात मिटून जाईन."

गोदाबाईनं त्याच्या केसांतून हात फिरवला. शेवटी रक्त आपलं, तिच्या मनात आलं. आठवण करून दिली की समजतं.

रविवारी ते गेले. गोदाबाईनं आदल्या दिवशी मुगाच्या वड्या वाळत घातल्या होत्या, गंगूला आवडत त्या. त्या पदराला बांधल्या. ते प्लास्टिकच्या पिशवीतलं लुगडंही सोबत घेतलं, तसंच घडीचं. मनात होतं की सीमाला म्हणेन, हे घे, आणि तुझ्या हातानं मला घाल. दुकानाच्या पिशवीतून मांडीवर ठेवलेलं मी नेसणार नाही.

सीमा अंगणात तूर झाडत होती. तिनं गोदाबाईला पाहिलं, सूप खाली ठेवलं, पदर डोक्यावर घेतला. 'या' म्हटलं नाही, पण आतही गेली नाही. गोदाबाईनं नितेशला फाटकाशीच थांबवलं. "म्या बोलोस्तोवर तू इथंच राहा," ती म्हणाली. तो कडुनिंबाखाली उभा राहिला, हात मोकळे सोडून. मोबाईल त्याच्या हातात नव्हता. गोदाबाईनं ते मुद्दाम पाहून घेतलं.

आत्याबाईनं भाचसुनेपुढं हात जोडायचे नसतात. आत्या मानाची असते, तिच्या पाया पडायचं असतं. ही उलटी रीत वऱ्हाडात कोणी पाहिली नसेल. गोदाबाईनं अंगणाच्या मधोमध हात जोडले.

"सीमा, मी तुह्या दारात गंगूची नणंद म्हनून नाई आली. मी चुकली नाई, पन माह्यामुळं तुहं वाटोळं झालं. माह्या माहेराची तू एकटी उरली. मले उत्तर दे वं बाई. पुन्ना दे. मी आयकायले आली."

सीमाच्या हातातून पदर सुटला. ती पुढं आली, तिनं गोदाबाईचे जोडलेले हात धरून खाली केले.

"असं नोका करू आत्याबाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज त्या ओळखीच्या सुरात चढायला लागला. "तुमी गेल्या न् मी भित्तीशी बोलली वं... रातदिस केलं वं मी तिचं... माह्या लेकायनं मले इचारलं वं, आई तू आजीले खरंच उपाशी ठेवत होती का..."

गोदाबाईनं तिला छातीशी धरलं. ही हिवरखेडची सीमा, हे आपलं माहेर. दार उघडलं, असं तिला वाटलं.

आणि सीमा एकदम थांबली. गळ्यातला सूर तसाच अर्धा राहिला. ती गोदाबाईच्या खांद्यावरून फाटकाकडे पाहत होती.

"आत्याबाई, पोराचा खिसा पाहा."

गोदाबाई वळली. नितेशचे हात मोकळे होते. पण त्याच्या सदऱ्याच्या वरच्या खिशातून मोबाईल बोटभर वर आलेला होता, आणि त्याचा काळा डोळा नेमका त्या दोघींकडे होता. तो हलत नव्हता. चांगलं यावं म्हणून त्यानं श्वाससुद्धा धरून ठेवला होता.

सीमानं पदर घेतला, तोंडावरून ओढला, गळ्याशी घट्ट धरला.

"रडाचीबी सोय नाई ठेवली तुमी," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "घरात मयत झाली तं आता आमी बाया दार लावून बसू. जा आत्याबाई. माहं काई मनात नाई. पन येऊ नोका."

तिनं सूप उचललं, तूर तशीच अंगणात टाकून आत गेली, आणि दार लोटलं. कडी लावल्याचा आवाज आला. ओट्यावर सूर्यभान बसला होता, सगळं पाहत. तो उठला नाही.

नितेश पुढं आला. "आजी, ऐक तं. हे टाकलं असतं ना तं काकू क्लिअर झाली असती. लोकांनी स्वतः पाहिलं असतं. म्हणून घेतलं मी. तिच्यासाठीच. फॉलोअर लोक किती इमोशनल झाले असते, तुले अंदाज नाही. सांगितलं असतं तं तुम्ही नॅचरल बोलल्या नसत्या."

गोदाबाईनं मुगाच्या वड्यांची गाठ सोडली आणि त्या तुरीशेजारी सीमाच्या पायरीवर ठेवल्या. लुगड्याची पिशवीही ठेवली. मग रस्त्यावर आली आणि एसटीच्या थांब्याकडे चालायला लागली. नितेश गाडी ढकलत मागून येत राहिला. "बस ना आजी मागं. ऊन हाय." ती बसली नाही. थांब्यावर कापसाची गाठोडी घेऊन बसलेल्या बाया होत्या. त्यांनी सरकून तिला जागा दिली. एकीनं तिला ओळखलं आणि दुसरीला कोपर मारलं.

"डिलिट करतो," नितेश म्हणाला. "हे पाय, तुह्यासमोर करतो. झालं? आता तं बोल. आजी, काहीतरी बोल ना. शिव्या दे पाहिजे तं."

गोदाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग बायांच्या देखत, आवाज न चढवता, ती बोलली.

"नित्या, तुह्या त्या शब्दायत म्या तुले लय धुंडलं. ट्रोल तू नाई, त्यायले सीमा कोन थे मालूमबी नाई. हेटर तू नाई, तुले तिचा राग नव्हता, रागाले कारन तरी असते. लर्कर सूर्यभान हाय, थो जलमभर ओट्यावर बसून राहीन. तुह्यासमोर दोन बाया रडल्या, दोन खेप रडल्या, आन तुले त्यायच्यात मानूस नाई दिसलं. मी मरीन तवा तुले सांगावा येईन. तू येजो, नातू हायेस, खांदा देजो, तुले कोनी अडवनार नाई. पन तू दारात उभा असशीन तं माह्यावर एकबी बाई रडनार नाई. माह्या सुनेले कोनी बोल लावनार नाई, तिले उत्तर देता येनार नाई. मी मुक्यानं जाईन. तुले म्या इचारलं होतं ना, काय केलं बावा तू? हे केलं."